खाचेपर्यंत भरलेली टाकी

आमच्या गल्लीत हल्ली कोणी ना कोणी तावातावानं सांगत असतो, की पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. परवा शेजाऱ्यानं हाच विषय काढला. मी म्हटलं, "आधी टाकीतल्या पेट्रोलचे दोन थेंब टीपकागदावर टाकून पाहा, मग इथेनॉलला शिव्या दे." तो माझ्याकडे पाहतच राहिला. टीपकागद म्हणजे शाई टिपायचा कागद, हेच त्याला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं समजून तो निघून गेला. माझं डोकं ठिकाणावर आहे. फक्त अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की मला एक बांबूची कामटी आठवते, तिच्यावरची खाच आठवते आणि माझ्या बायकोची हुकलेली मुलाखत आठवते. मग माझा तोल जातो. इतक्या वर्षांनीही जातो, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी बुलडाण्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. माझा मित्र त्याच शाळेत गणित शिकवायचा. तो मूळचा धाडचा. तिथं त्याच्या थोरल्या भावाचं घासलेटचं आणि किराण्याचं दुकान होतं. माणूस असा, की कोणालाही आवडावा. पोरांना न मारता गणित शिकवणारा त्या काळात तो एकटाच असेल. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच डब्यात जेवायचो. त्याच्या घरची शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या घरची ज्वारीची भाकर, असा आमचा हिशेब ठरलेला होता.

दोघांच्याही बायका जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या होत्या. माझी बायको रोहिणखेडची. लग्न झालं तेव्हा तिची सातवी झालेली होती. पुढं शिकायची तिची फार इच्छा होती, आणि मीही आग्रह धरला. मुलगी झाल्यावर, घरचं सगळं करून, तिनं बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली. इतर विषय मी घेतले, पण गणित माझ्या हातचं नव्हतं. ते या मित्रानं शिकवलं. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, चहाच्या एका कपावर. बीजगणिताचं एखादं उदाहरण तिला सुटलं की तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, "वहिनी, तुमाले मास्तरीण केल्याशिवाय मी काई गप बसत नाई!" ती पास झाली तेव्हा पेढे त्यानं वाटले, मी नव्हे.

हे सगळं मुद्दाम सांगतो. नाहीतर पुढची गोष्ट कळेल, पण टोचणार नाही.

त्याच सुमारास आम्ही दोघांनी मिळून एक मोटारसायकल घेतली. जुनी, विलायती, एका कंत्राटदारानं वापरून वापरून टाकलेली. एकट्याला परवडण्यासारखी नव्हती, म्हणून निम्मी त्याची, निम्मी माझी. शाळेत सगळे हसायचे. पुढचं चाक कोणाचं आणि मागचं कोणाचं, असं विचारायचे. आम्ही एक साधी रीत ठरवली होती. एक आठवडा गाडी त्याच्याकडे, एक माझ्याकडे. बाजाराच्या दिवशी दुपारी गाडी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायची, आणि जाताना टाकी ठरल्या उंचीपर्यंत भरलेली पाहिजे. टाकीला काटा नव्हता. मित्रानंच बांबूची एक कामटी तासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर चाकूनं खाच पाडली. देणाऱ्यानं झाकण उघडायचं, कामटी आत सोडायची, वर काढून घेणाऱ्याला दाखवायची. ओल खाचेला टेकली की व्यवहार पुरा. मग कामटी हवेत दोनदा हलवायची. पेट्रोलची ओल बोलता बोलता उडून जायची, आणि कामटी पुन्हा सीटखालच्या पिशवीत. ना कागद, ना पावती. कोणी किती फिरला हे कोणी कोणाला विचारायचं नाही, फक्त खाच भरलेली पाहिजे. आम्हाला या रीतीचा मोठा अभिमान होता. इतर भागीदारांची भांडणं ऐकली की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

गाडी किती पेट्रोल खाते हेही त्या कामटीवरच कळायचं. रोहिणखेडला सासुरवाडीला जाऊन परत आलो की ओल खाचेखाली दोन बोटं यायची. उतरताना राजूरचा घाट, येताना तोच घाट चढायचा, मागे बायको, मधे मुलगी, आणि तरी दोन बोटं. दोन बोटं म्हणजे दोन बोटं. ती गाडी आमच्यावर खूश होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोनाची तीन बोटं झाली.

मी विज्ञानाचा मास्तर. मला लगेच कारण सापडलं. साखर कारखान्यात साखर काढून झाली की उरते ती मळी, तिच्यापासून स्पिरिट करतात, आणि ते पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळतात, असं माझ्या वाचनात आलं होतं. मित्राला मी शिक्षकांच्या खोलीत बसून सगळं समजावलं. स्पिरिट डाग न ठेवता उडून जातं आणि जळतंही चांगलं, पण त्याच्यात पेट्रोलइतकी उष्णता नसते, म्हणून तेवढंच अंतर जायला ते जास्त जाळावं लागतं. शिवाय ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पाण्याचे चार थेंब गेले की स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्याच्या गळ्यात पडतं आणि दोघं मिळून खाली तळाशी जाऊन बसतात. मित्र मन लावून ऐकत होता. मधे मधे चांगले प्रश्नही विचारत होता. "म्हंजे आपल्या गाडीचा दोष नाई, मालाचा दोष आहे, असंच ना बे?" मी म्हटलं, अगदी असंच.

तेव्हापासून गाडी देताना तो स्वतःच सांगायचा, "या हप्त्यात लय स्पिरिट होतं. सांभाळून चालव." आणि मी मान डोलवायचो! माझंच ज्ञान मला परत मिळत होतं आणि मला ते गोड लागत होतं.

आता मागं वळून पाहिलं की सगळं लख्ख दिसतं. गाडी माझ्याकडे आली की पहिले दोन दिवस ती खोकायची, घाटात ठणठण आवाज करायची, मागून काळसर धूर सोडायची. माझ्या आठवड्यात मी पंपावर जाऊन पेट्रोल टाकलं की दर खेपेला थोडी सुधारायची. आणि आणखी एक. दिवाळीनंतर मित्रानं कामटी हवेत हलवणं सोडलं होतं. ओल दाखवली की तो खिशातला रुमाल काढायचा, कामटी नीट पुसायचा आणि आपल्या हातानं पिशवीत ठेवायचा. माणूस वस्तू किती जपतो, असं मला वाटायचं.

पौषात बायकोला अकोल्याहून पत्र आलं. शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत बारा वाजता, एकच दिवस. वयाची अट होती, आणि तिचं वय त्या वर्षी शेवटचं बसत होतं. पुढल्या वर्षी अर्जसुद्धा करता आला नसता. हे पत्र तिनं देवापुढं ठेवलं. मग उचलून मित्राच्या घरी नेऊन त्याला दाखवलं. तो मोठ्यानं वाचून म्हणाला, "वहिनी, बारा म्हंजे साडेअकराले दारात उभं राहाचं. यष्टीच्या भरवशावर बिलकूल राहू नका. पहिली गाडी कधी वेळेवर सुटते काय? मोटारसायकलनं नांदुऱ्याले जा, तठून सकाळची आगगाडी पकडा." अकोल्यात आदल्या दिवशी उतरायला आमचं कोणी नव्हतं. मुलीला त्याच्याच घरी ठेवायचं ठरलं. बेत त्याचा होता. हे मी पुन्हा सांगतो, की बेत त्याचा होता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशीच बाजार होता, म्हणजे गाडी माझ्याकडे यायचा दिवस. दुपारी तो आला. बायको अंगणात उभी होती, हातात दुसऱ्या दिवशीचं इस्त्री केलेलं पांढरं लुगडं. त्यानं झाकण उघडलं, कामटी सोडली, वर काढली. ओल खाचेच्या वर होती.

"पाहून घ्या वहिनी," तो म्हणाला. "नांदुऱ्याले जाऊन वापस या, पेट्रोलकडं पाहाचं कामच नाई."

"भाऊजी, तुमचे लय उपकार झाले," बायको म्हणाली.

"उपकार कायचे? मास्तरीण झाल्यावर पेढे तेवढे चारजा."

आणि त्यानं रुमाल काढून कामटी पुसली. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, सकाळी तळहातावर घालून निघायला म्हणून, दह्याची वाटी पाठवली.

पहाटेची बुलडाण्याची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. गाडी सुरू व्हायलाच पाय दुखेस्तोवर किक माराव्या लागल्या. मग ती कुरकुरत चालू झाली. घाट उतरताना मी सवयीप्रमाणे पेट्रोल तोडून गाडी उतारावर सोडली. बायको मागून मुलाखतीतल्या प्रश्नांची उत्तरं पाठ म्हणत होती. जिल्ह्यात तालुके किती, पंचायत म्हणजे काय, लहान मुलाला बेरीज कशी शिकवाल. शेवटचं उत्तर मित्रानं बसवलेलं होतं, चिंचोक्यांचं. तिनं ते दोनदा म्हटलं.

घाट संपला, मोताळा मागं पडलं, आणि सपाटीवर गाडी एकाएकी गचके देऊ लागली. दोन-तीनदा ठणठणली. मग बंद. मी प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. पदराच्या टोकानं पुसायला ती पुढं आली, तर मी ओरडलो, लुगडं खराब होईल म्हणून. माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसला. एका मिनिटासाठी चालू झाली, पुन्हा बंद. पुन्हा प्लग, पुन्हा किक. मग आम्ही दोघांनी ढकलली. थंडीत मी घामाघूम. ती कागदांची पिशवी एका काखेत धरून दुसऱ्या हातानं गाडी ढकलत होती, आणि पांढऱ्या लुगड्याचा काठ धुळीनं लाल झाला होता. एकदा फक्त नांदुऱ्याच्या दिशेला पाहून म्हणाली, "आवो, होईन ना हे चालू?" मी म्हटलं, होईल. आणि मनात मी स्पिरिटला, साखर कारखान्यांना आणि सरकारला शिव्या देत होतो.

अखेर कापसाच्या गाठी घेऊन जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं होती नव्हती तेवढी जागा करून दिली. गाडी एका शेतातल्या झोपडीशी टाकली. नांदुऱ्याच्या स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. हमाल विडी ओढत बसला होता. त्यानं बोटानं दाखवलं. शेवटचा डबा लांब, शेगावच्या बाजूला, काडेपेटीएवढा दिसत होता.

तरीही आम्ही गेलो. पुढची पॅसेंजर मिळाली, ती प्रत्येक स्टेशनात पाणी प्यायला थांबल्यासारखी थांबत होती. अकोल्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुलाखत घेणारे निघून गेले होते. दारावरच्या कारकुनानं कागद पाहिले, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "बाई, पुढल्या वर्षी या."

"पुढल्या वर्षी वय बसत नाई," बायको म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली, की तो उठून उभा राहिला. पण उभं राहून तो तरी काय करणार.

परत आल्यावर मित्र दारातच भेटला. माझी मुलगी त्याच्या कडेवर होती. आम्हाला पाहून तो तोंडावरूनच समजला. खाली बसला आणि डोकं धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या बायकोनं त्याची समजूत घातली! "भाऊजी, नशिबात नव्हतं," ती म्हणाली. मी म्हटलं, नशीब कसलं, स्पिरिट आहे ते. मी त्या पंपवाल्याला सोडणार नाही. मित्र खाली मान घालून म्हणाला, "जाऊ दे बे. मोठ्या लोकाइच्या गोष्टी आहेत त्या. आपलं कोण ऐकते?"

मी जाऊ देणारा नव्हतो. दोन दिवसांनी झोपडीशी टाकलेली गाडी आणायला गेलो. टाकीचा कॉक सोडून एक बाटलीभर पेट्रोल काढून घेतलं, आणि येताना पंपावरून दुसऱ्या बाटलीत ताजं घेतलं. तक्रार करायची तर हातात पुरावा पाहिजे. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. स्पिरिट ओळखायची तऱ्हा सोपी आहे. मापनळीत थोडं पाणी घ्यायचं, त्याच्या पातळीवर खूण करायची, वरून पेट्रोल ओतायचं, बूच लावून खळखळ हलवायचं आणि ठेवून द्यायचं. स्पिरिट असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, आणि खालचं पाणी फुगल्यासारखं खुणेच्या वर चढतं. जितकं जास्त स्पिरिट, तितकं पाणी वर.

मी वाट पाहत उभा राहिलो. पंपावरच्या पेट्रोलखालचं पाणी खुणेच्या जरासं वर आलं. म्हणजे स्पिरिट होतं, थोडंसं होतं. आणि टाकीतल्या पेट्रोलखालचं पाणी तितकंही वर आलं नाही.

मला ते पटेना. नळ्या धुतल्या, पुन्हा केलं. तेच. एवढ्याशा स्पिरिटानं रोहिणखेडच्या वाटेवर ओल नखभर जास्त उतरली असती, एक बोट नव्हे. आणि ज्या गाडीनं आम्हाला रस्त्यात टाकलं तिच्या टाकीत तर पंपापेक्षाही कमी स्पिरिट. मग उरलेलं काय होतं?

मी बाटली नाकाशी नेली. पेट्रोलचा वास काही कळू देईना. टेबलावर टीपकागद पडला होता, हजेरी लिहिताना लागायचा तो. त्याच्यावर दोन्ही बाटल्यांतला एक-एक थेंब टाकला. पंपावरचा थेंब पसरला आणि मी पाहत असतानाच उडून गेला. कागद होता तसा कोरा. टाकीतला थेंब पसरला, अर्धा उडाला आणि अर्धा तिथंच राहिला. तेलकट, रुपयाएवढा डाग. खिडकीत धरला तर पलीकडचा उजेड आरपार दिसत होता. आता पेट्रोल उडून गेलं होतं, आणि वास येत होता तो कंदिलाचा. घासलेट.

मी स्टुलावर बसून राहिलो. घासलेट जाळायला कंदिलाला वात लागते. थंडगार इंजिनात ते उडत नाही, प्लगवर जाऊन ओलं बसतं, काजळी धरतं. उतारावर इंजिन न तापता गाडी नुसती धावते तेव्हा तर हमखास. चढावर तेच ठणठण वाजतं, जास्त लागतं आणि ओढत नाही. हे सगळं मला पाठ होतं, नववीच्या वर्गाला मी शिकवत होतो. पंपावर घासलेट नव्हतं, ते टीपकागदानंच सांगितलं. आणि त्या टाकीत ओतणारे जगात दोनच जण होते. मग मला तो रुमाल आठवला. घासलेटाची ओल हवेत हलवून उडत नसते. ती पुसावी लागते. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला प्रयोगशाळेत एकट्यानं बसून समजलं.

तसाच उठून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको विहिरीवर गेली होती. तो वह्या तपासत होता. मी टीपकागद त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं पाहिलं. मग म्हणाला, "स्पिरिट असन बे."

"स्पिरिटाचा डाग पडत नाई," मी म्हटलं. "तुले मीच सांगतलं होतं."

त्यानं पेन खाली ठेवलं. त्यानंतर मात्र तो खोटं बोलला नाही. पावसाळा संपता संपता एकदा धाडहून येताना पेट्रोल कमी पडलं, म्हणून भावाच्या दुकानातून थोडं घासलेट टाकलं. गाडी आली. मग पुन्हा एकदा टाकलं. मग धाडच्या खेपा वाढल्या, भावाचा माल आणायचा, पोचवायचा, आणि खाच तर भरून द्यावी लागायची. "सवय लागली बे. गाडी चालून राह्यली होती. तू म्हनलास स्पिरिट आहे, त मी म्हटलं, चला, निभलं."

"तुले मुलाखत माहीत होती," मी म्हटलं. "तिले मॅट्रिकले तूच शिकवलं. नांदुऱ्याले गाडीनं जा, हे तूच सांगतलं. आन् आदल्या दिवशी आमच्या अंगणात उभा राहून कामटी पुसली. तुले माहीत नव्हतं काय बे?"

"माहीत होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा भरले होते, आणि मला त्या डोळ्यांची किळस आली. "देवाशपथ सांगतो, म्हणूनच त्या दिवशी कमी टाकलं. वहिनीचं काम होतं म्हणून कमीच टाकलं होतं."

मी उठलो आणि बाहेर पडलो. मला त्याला मारायचं होतं, ते मी केलं नाही. अजून त्याची खंत वाटते.

पुढं मोटारसायकल विकून टाकली. आम्ही दोघांनी त्याच शाळेत निवृत्तीपर्यंत नोकरी केली. वेळापत्रक, परीक्षा, रजेचा अर्ज, एवढंच बोलणं. डबा मी वर्गात बसून खाऊ लागलो. लोक मधे पडले, मिटवून टाका म्हणाले, एवढ्याशा घासलेटावरून काय दोस्ती तोडता म्हणाले. एवढंसं! त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, गेलो नाही. तो वारला तेव्हा गेलो, मागं उभा राहिलो, आणि परत आलो. क्षमा वगैरे मोठ्या मनाच्या माणसांचं काम आहे. माझं मन तेवढं मोठं नाही.

बायको शिक्षिका झाली नाही. गल्लीतल्या चार-दोन पोरांना ती ओसरीवर बेरीज शिकवायची, चिंचोके घेऊन. ती तऱ्हा त्यानंच बसवून दिलेली होती, आणि तिनं ती कधी बदलली नाही. मला ते पाहवत नसे, मी उठून आत जायचो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. त्याच्या घरून मी निघालो तो थेट घरी आलो. बायको ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती. मुलगी शेजारी खेळत होती. मी बायकोला सगळं सांगितलं. टीपकागद, डाग, धाडचं दुकान, रुमाल. ती निवडतच राहिली, मधे एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, ती रडेल, किंवा त्याला दोन शिव्या देईल, निदान माझ्यावर तरी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी मी त्याचं ते वाक्यही सांगितलं, की म्हणतो, वहिनीचं काम होतं म्हणून त्या दिवशी कमी टाकलं.

तिचा हात सुपात थांबला.

"कमी म्हंजे किती?" तिनं विचारलं.

मी ते त्याला विचारलंच नव्हतं.